डिकीवरची थाप

आमची नवी गाडी माझ्यापेक्षा जास्त बोलते. हे मी स्वतः कबूल करते आहे, यावरून तिच्या बडबडीचा अंदाज यावा. पट्टा लावला नाही की बोलते, दार नीट लागलं नाही की बोलते, पुढच्या रिक्षाच्या जवळ गेलं की बोलते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे सोडून जरा सरकलं तर स्टिअरिंगला हळूच हिसका देते, लग्नाकार्यात सासूबाई मला कोपराने ढोसायच्या तसा. आमच्या भागातले पट्टे बरेचसे पुसले गेलेत, तेवढीच सुटका.

एवढं सगळं घेतलंत, त्याचा खरंच उपयोग होतो का, असं सोसायटीत विचारतात, नातेवाइकांत विचारतात, भाजीवालासुद्धा विचारतो. आमचे हे या प्रश्नावर भाजी निवडून होईपर्यंत बोलू शकतात. मी मात्र समोर कोण आहे ते बघून उत्तर देते. घ्यायला निघालेल्याला घाबरवते आणि घेऊन बसलेल्याची समजूत काढते.

गाडी घेतली ती ह्यांच्या डोळ्यांमुळे. उभ्या जन्मात ह्यांनी गाडी कोणाला घासली नाही, निदान ह्यांचं म्हणणं तसं आहे. मग काचबिंदूचं निदान झालं. समोरचं अजून स्वच्छ दिसतं. पेपर वाचतात, माझ्या आमटीतला केस तर न चुकता दिसतो. पण कडेचं दिसणं हळूहळू गेलं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर ह्यांनी जुन्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि डावीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मला फार वाईट वाटलं, पण मी नुसती गाडी सुरू केली.

वाईट वाटणं आठवडाभर टिकलं. कारण डाव्या सीटवर बसल्या बसल्या हे माझे मास्तर झाले. जुन्या गाडीत क्लच दाबायचा माझ्या पायाने आणि हुकूम ह्यांचा. कुठे ब्रेक लावायचा, कधी दुसरा टाकायचा, कोणत्या रिक्षावाल्याला निमूट पुढे जाऊ द्यायचं, सगळं तिकडून यायचं. स्वतःचा उजवा पाय तर इतका दाबायचे की त्या बाजूची मॅट ब्रेकच्या जागी झिजली. मी चाळिशीत गाडी शिकले तीही ह्यांच्याच हाताखाली, त्यामुळे ह्यांच्या लेखी मी कायम शिकाऊच.

आणि पार्किंग. आमची बिल्डिंग खोपटला, गाड्या खाली खांबांच्या मध्ये लावायच्या. आमच्या जागेच्या उजव्या अंगाला एक जाडजूड खांब आहे आणि मागे भिंत. त्यामुळे गाडी आत घेताना हे खाली उतरायचे, मागे जाऊन उभे राहायचे आणि सुरू करायचे, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे." मग डिकीवर दोन थापा. थाप म्हणजे थांब. ह्यांचं सगळं लहानपण एसटी डेपोच्या बाजूला गेलं. बस मागे घेताना कंडक्टर पत्र्यावर थापा मारायचे ते बघत हे मोठे झाले, आणि मला वाटतं ह्यांच्या मनात खरं तर कंडक्टरच व्हायचं होतं. नोकरी मात्र आयुष्यभर टेबलखुर्चीची केली.

जुनी गाडी अगदीच दमली तेव्हा नवी बघायला गेलो. मला चार चाकं आणि एसी पुरे होता. ह्यांनी सगळ्यांत वरचं मॉडेल धरलं. त्यात आरशात पिवळा दिवा लागतो, कडेने कोणी येत असेल तर. विक्रेत्याने तो दाखवला तेव्हा हे बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "हीच घेऊ या. मला जे दिसत नाही ते हिला दिसतं." त्यानंतर मी काय वाद घालणार.

गाडी घरी आली तशी डोंबिवलीहून माझी नणंद आली. तिच्याशिवाय आमच्या घरात कुकरही येत नाही. चाकांखाली लिंबं झाली, नारळ झाला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक झालं, आणि शेवटी तिने पुढच्या नंबरप्लेटला लिंबू-मिरची बांधली. दर शनिवारी बदलायची, असा दादाला दम दिला. दादाने मान डोलावली. एरवी देवळातही हात जोडायला कंटाळणारा माणूस शनिवारी सकाळी नाक्यावरून लिंबू-मिरची आणून, वाकून, कंबर धरत धरत बांधू लागला. मला याचं नवल वाटलं होतं. त्याचं कारण नंतर कळलं.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ती पार्किंगमध्ये मागे घेतली. हे सवयीने उतरले आणि मागे जाऊन उभे राहिले. मी रिव्हर्स टाकला. पडद्यावर मागचं चित्र आलं, त्यात भिंत, खांब आणि मध्ये आमचे हे, हात वर केलेले. गाडीने ह्यांच्याभोवती लाल चौकट काढली आणि असा काही आकांत मांडला की वॉचमन धावत आला. मी जरा ब्रेक सोडला तर तिने स्वतःच कच्चकन ब्रेक मारला. पडद्यावर सूचना आली की मागे अडथळा आहे.

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, ही गोष्ट मला कोणी अशी स्पष्ट सांगितली नव्हती. हेही हसले. मग म्हणाले की तंत्रज्ञान कमालीचं आहे, आता माझी गरज नाही, आणि बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी ते उतरलेच नाहीत. मांडीवर हात ठेवून बसून राहिले आणि गाडीने मला बारीक मोठ्या टिकटिकीत आत घेतलं.

पुढे डाव्या सीटवरूनही आवाज येईनासा झाला. ब्रेक म्हणायला तोंड उघडतात तोवर गाडी ओरडलेली असायची. गिअर तर आपोआपच पडायचे. रस्ता मॅप सांगायचा. मला सुरुवातीला हे फार आवडलं. शांतपणे गाणी ऐकत मी टेंभी नाक्यावरून मार्केटात जाऊन यायचे. पण हळूहळू शेजारी बसलेला माणूस पार्सलासारखा वाटायला लागला, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. एकदा मी मुद्दाम चुकीच्या वळणावर गाडी घातली, निदान ओरडतील म्हणून. मॅपनेच दुसरा रस्ता काढून दिला. ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

त्याच सुमारास गाडीला एक आजार जडला. रविवारी आम्ही जेवायला नणंदेकडे जायचो. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे सगळ्या गाड्या गोगलगायीसारख्या चालू लागल्या की आमच्या गाडीत पुढून टीं टीं सुरू व्हायचं. पुढे वाट मोकळी असली तरी टीं टीं. वेग वाढला की बंद, कमी झाला की पुन्हा. डोंबिवलीत पोचेपर्यंत माझं डोकं भणभणायचं. ह्यांच्या अंगात मात्र जीव आला. त्यांनी निदान करायला घेतलं. कधी पुढे सीएनजीची गाडी असते म्हणून, कधी हवेतल्या धुळीमुळे. सोसायटीच्या सेक्रेटरींचं मत पडलं की मुंब्र्याच्या डोंगरात कसल्या तरी लहरी असाव्यात. नणंदेने दृष्ट लागल्याचं सांगितलं आणि लिंबू जरा मोठं बांध असं दादाला बजावलं.

सर्व्हिस सेंटरची वेळ मिळाली ती शुक्रवारची. तिथे गाडी गप्प. पुढे, मागे, हळू, जोरात, कशीही फिरवली तरी एक अक्षर काढीना. ताप आहे म्हणून पोराला डॉक्टरकडे न्यावं आणि त्याने तिथे स्टुलावर चढून नाचावं, तशी आमची गत झाली. काही दोष नाही, असं लिहून आम्हाला परत पाठवलं. रविवारी शीळफाट्याला टीं टीं.

असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा हे नणंदेकडच्या वड्या, मसालेभात आणि श्रीखंडानंतर परतीच्या वाटेवर डुलक्या घेत होते. मागच्या सीटवर नणंदेने दिलेला फणस होता. त्याचं वजन बघून गाडीला तो माणूस वाटला होता, म्हणून त्यालाही पट्टा लावलेला. ट्रॅफिक हलेना. टीं टीं थांबवावी म्हणून मी पडद्यावर दिसेल ते बटण दाबत सुटले, तर पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. ते आम्ही कधी उघडलंच नव्हतं, कारण ह्यांना पडद्यावर सतत मॅप लागतो.

चित्रात भलंथोरलं पिवळं लिंबू होतं. त्याच्या वरखाली हिरव्या मिरच्या. डुलत होतं, आणि ते डुललं की गाडी त्याच्याभोवती लाल रेघा काढून किंचाळत होती.

शनिवारी ताजं लिंबू बांधलं जायचं, रविवारी गाडी त्याला टक्कर होईल म्हणून घाबरायची, आणि सर्व्हिस सेंटरला नेईपर्यंत ते वाळून गळून पडलेलं असायचं. नजर लागू नये म्हणून बांधलेल्या लिंबालाच गाडीची नजर लागली होती. मी तोंडावर हात दाबून हसले. ह्यांना उठवून दाखवावं म्हणून हात पुढे केला आणि तिथेच थांबले.

कारण ह्यांना दाखवलं असतं तर लिंबू निघालं असतं. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मळलेल्या फडक्याने नंबरप्लेट पुसून, दोरा दातात धरून, लिंबू बरोबर मध्ये आलं की नाही हे चार पावलं मागे जाऊन बघणारा हा माणूस देवभोळा झालेला नव्हता. अख्ख्या गाडीत ह्यांच्यासाठी तेवढंच एक काम उरलं होतं. ते मी काढून घेणार नव्हते. गाडीने आधीच पुष्कळ घेतलं होतं.

त्या आठवड्यात हे फिरायला गेल्यावर मी खाली गाडीत जाऊन बसले आणि चष्मा लावून सेटिंग धुंडाळलं. या गाड्यांत सोयी जितक्या, तितक्याच त्या बंद करायच्या जागा असतात, फक्त त्या विक्रेता दाखवत नाही. पुढची टीं टीं बंद केली. मग तशीच पुढे गेले. मागचा आवाज बंद केला, मागे आपोआप लागणारा ब्रेक बंद केला. चित्र तेवढं ठेवलं, आणि पडद्याचा उजेड इतका कमी केला की माझ्या सीटवरूनच काय ते दिसावं.

संध्याकाळी बाजारातून आल्यावर मी खांबापाशी गाडी थांबवली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हिचा आवाजच गेलाय. मला काही कळत नाहीये मागचं. उतरता का जरा?"

हे असे घाईने उतरायला गेले की पट्टा काढायचा राहिला आणि पहिल्यांदा परत सीटवरच आपटले. मग मागे गेले. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे," ऐकू आलं, मधेच डावी मारायचा हुकूम आला, वॉचमनला बाजूला हो म्हणून सांगून झालं, आणि डिकीवर दोन थापा पडल्या. त्या मला इतक्या गोड लागल्या की मी क्षणभर स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले. वर आल्यावर ह्यांनी चहा घेता घेता ऐकवलं की कितीही महागाची गाडी घ्या, शेवटी माणूस लागतोच. मी म्हटलं, अगदी खरंय.

पुढचे कित्येक महिने हे सुरळीत चाललं. मी अंधूक पडद्यावर बघून, खांब सांभाळून गाडी घ्यायचे, थाप पडली की थांबायचे, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. डाव्या सीटवरून हळूहळू ब्रेकही सुरू झाला, आणि रिक्षावाल्यांच्या खानदानाचा उद्धारही. सर्व्हिस सेंटरला आवाज दुरुस्त करून घेऊ, असं हे एकदाही म्हणाले नाहीत. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. इतकी मी माझ्या हुशारीवर खूश होते.

मागच्या शनिवारी मी खाली उतरले तर हे लिंबू बांधत होते. नंबरप्लेटला नाही, जरा खाली, एका कडेला, गाडीला दिसणार नाही असं. आम्ही मार्केटात जाऊन आलो, मी खांबापाशी गाडी थांबवली आणि रोजच्यासारखं म्हटलं, "उतरता का?"

ह्यांनी पट्टा काढला, दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला. मग वळून बोट पुढे केलं आणि पडद्याचा उजेड वाढवला.

"आवाज बंद केलास ते बरं केलंस," ते म्हणाले. "पण चित्र नीट बघत जा गं. खांब मला दिसत नाही."

आणि मागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर हे, हात वर केलेले, मध्यभागी, स्वच्छ दिसत होते. "येऊ दे," ते म्हणाले, आणि मी आले.