एकेचाळीस व्हाइस आणि वर एक

"अरे भाई, मुंडी नीचे मत करो! जबडा निकल जाएगा उसका!"

हा आक्रोश जिन्यातून इतका कळवळून आला की दुसऱ्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी हातातल्या लाटण्यासकट धावत बाहेर आल्या, आणि पहिल्या मजल्यावरच्या पांडेजींनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. दोन हमाल चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड, निपचित, वर चढवत होते आणि मागून मामा हात जोडून ओरडत होते. आंटींनी धीर करून चादरीचं टोक उचललं. आत माणूस नव्हता. साठ किलोंचा गंजलेला व्हाइस होता. "हाय रब्बा, फिर लोहा!" एवढं बोलून त्या रोट्या लाटायला परत गेल्या. पांडेजींनी ॲम्ब्युलन्सवाल्याची माफी मागितली. त्यांना आता तीही सवय झाली होती.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, आणि दिल्लीपासून पलवलपर्यंत जेवढं जुनं लोखंड आहे ते सगळं त्यांना नावानिशी ओळखतं. ते भंगारवाल्याच्या ढिगाजवळून गेले की आतले व्हाइस बारीक आवाजात कण्हतात. मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्यांना व्हाइस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: फिटरच्या टेबलाला बोल्टांनी आवळलेला लोखंडी जबडा. दांडा फिरवला की तो मिटतो आणि मधली वस्तू अशी धरतो की ब्रह्मदेवालाही सुटायची नाही. मामा वर्ध्याकडून आयटीआय करून फरीदाबादला आले, एका सरकारी वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून सुटले. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, नातवंडं खेळवतात, निदान ब्लडप्रेशर तरी वाढवतात. मामांनी जुने व्हाइस आणून बरे करायला घेतले. होय, "बरे" हा त्यांचाच शब्द.

त्यांच्या घरात एकेचाळीस व्हाइस आहेत. बाल्कनीत आहेत, पलंगाखाली आहेत, वॉशिंग मशीनची जागा म्हणून मामींनी सात वर्षं राखलेल्या कोपऱ्यात आहेत. जो जिथे सापडला तेच त्याचं नाव. "पानिपतला आज तेल द्यायचंय," असं मामा सकाळी चहाच्या वेळी म्हणतात, किंवा "रेवाडी जरा सर्दावलाय." एकदा मामी फोनवर नागपूरच्या बहिणीला सांगत होत्या, "अगं, झोपू कुठे? माझ्या उशाशी गाझियाबाद आहे."

एकदा मामा अठरा किलोंचा व्हाइस भाजीच्या पिशवीत घालून मेट्रोनं आणायला निघाले. वरून मेथी. तपासणीच्या यंत्रात मेथीखाली जबडा दिसल्यावर जवानानं विचारलं, "अंकल, ये क्या चीज है?" दुसरा कुणी घाबरला असता. मामांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून हा प्रश्न विचारला होता. त्यांनी व्हाइस बाहेर काढला आणि समजावायला सुरुवात केली. मागे रांग वाढत वाढत मथुरेपर्यंत गेली. शेवटी जवान हळूच म्हणाला, "अंकल, मैं भी आयटीआय फिटर हूँ. इसकी चूड़ी तो बिल्कुल नई है यार!" मग दोघांनी मिळून दांडा फिरवून स्क्रूचे आटे पाहिले. व्हाइसला आत सोडलं नाहीच. पण रिक्षात तो ठेवायला जवान स्वतः बाहेर आला, आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "धीरे चलाना."

मामांच्या उपचाराची पद्धत ठरलेली. आधी रॉकेलची आंघोळ, मग तारेचा ब्रश, मग निळा रंग. अडकलेल्या स्क्रूवर हातोडा घातलेला त्यांना खपत नाही. रोज दोन थेंब तेल सोडायचं, बोटानं टकटक करायचं आणि चहा प्यायचा. पानिपतचा स्क्रू चार महिन्यांनी हलला तेव्हा मामांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. आणि सगळ्यात शेवटी अंड्याची परीक्षा. बरा झालेला व्हाइस पहिल्यांदा लोखंड धरत नाही, कोंबडीचं अंडं धरतो. मामा दांडा केसभर, केसभर फिरवत जातात. अंडं अधांतरी राहिलं पाहिजे, तडा जाता कामा नये. "धरायला ताकद कुणालाही येते, जावईबापू," ते मला म्हणतात, "थांबायचं कुठे ते याला कळलं पाहिजे." नापास व्हाइसांमुळे त्या घरात वर्षभर ऑम्लेट चालतं.

पण त्या घरात एक बेचाळिसावाही होता. दाराआड, स्टुलावर, गोणपाटाखाली. छोटा, दांडा वाकडा, अंगावर जुना लाल रंग पोपडे धरून लटकलेला. मामांनी त्याला कधी ब्रश लावला नव्हता. मी विचारलं की ते म्हणायचे, "त्याचं बघू." मी अर्थ लावला की म्हातारपणी पाठ वाकत नाही, राहून जातंय बिचाऱ्यांचं.

गेल्या जानेवारीत मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते पंधरा दिवस मुलीकडे नोएडाला राहायला गेले. मामी सोबत गेल्या. घराची किल्ली माझ्याकडे, कुंड्यांना पाणी घालायला. आणि माझ्या डोक्यात कल्पना आली. मामा नव्या डोळ्यांनी परत येतील तेव्हा बेचाळिसावा त्यांना चकचकीत दिसला पाहिजे! मी रॉकेल आणलं, ब्रश आणला. मागच्या अंगाला लाल रंगात एक ओबडधोबड डाग होता, खळगा पडल्यासारखा. तो नीट जाईना म्हणून तिथे मी डबल जोर लावला. मग निळा रंग दिला. धुक्याचे दिवस, रंग दोन दिवसांतही वाळेना. आणि मामा तिथल्या लिफ्टशी भांडून दोन दिवस आधीच परत आले. खाली ऑटो थांबल्याचं ऐकून मी घाईघाईनं व्हाइस उचलून टेबलावर मांडला आणि लग्नातल्या फोटोग्राफरसारखा बाजूला उभा राहिलो.

मामा आत आले. काळा चष्मा काढला. पाहत राहिले. मग त्यांचा हात सरळ व्हाइसच्या मागे गेला आणि हवेतच थांबला. ते बाल्कनीत जाऊन बसले.

मामी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "बाप्पा, काय केलं हो तुम्ही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "यांचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये खलाशी होते, मिस्त्रीच्या हाताखालचे मजूर. ती बंद पडली तेव्हा एवढा एक व्हाइस घरी आणला त्यांनी. स्वतः लाल रंग दिला, आणि ओला असतानाच उचलला. मागे अंगठा उमटला होता त्यांचा. लिहिता येत नव्हतं, पगाराला अंगठाच द्यायचे. फोटो एकही नाही. यांच्यापाशी वडिलांचं म्हणून तेवढंच होतं."

 

बाहेर आलो तर मामा टेबलाशी उभे होते. हातात अंडं. परीक्षा चुकवायची नाही म्हणजे नाही! त्यांनी अंडं जबड्यात धरलं आणि वाकडा दांडा केसाकेसानं फिरवला. मग त्यांनी हात काढला. अंडं राहिलं. तडा नाही.

"मामा," मी म्हणालो, "मला खरंच माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. मग नव्या डोळ्यांनी वाकून ते व्हाइसच्या मागे बघू लागले. मीही वाकलो. मघाशी घाईत उचलताना ओल्या निळ्या रंगात माझा अंगठा रुतला होता, रेषांसकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या येऊन तेवढ्यावर रंगाचा एक हात मारतो मी," मी म्हणालो. "दिसणारही नाही."

मामांनी जबडा सैल केला, अंडं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "राहू द्या. हे तेवढं मामींना नेऊन द्या."