डोळे मिटून उघडलेलं खातं

आमच्या गुरुग्रामच्या फायनान्स कंपनीची वेबसाइट करायला एक डेव्हलपर बाहेरून यायची. माझ्याशी मराठीत बोलायची. साहेबांना नकार द्यायचा असला, की आधी हसून "बिल्कुल, सर" म्हणायची.

अंध ग्राहकांसाठी तिनं वेबसाइटवर मजकूर वाचून दाखवायची सोय केली होती. साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, "ये सब हटा दो."

"बिल्कुल, सर. पहले आप आँखें बंद करके खाता खोलिए."

आता हिचं काम जाणार, म्हणून मी धास्तावले. साहेबांनी चिडून डोळे मिटले. लॅपटॉप एकेक प्रश्न वाचू लागला, साहेब चाचपडत उत्तरं भरू लागले.

"आपका खाता खुल गया."

"खुल गया!" साहेब डोळे मिटूनच ओरडले. खोलीभर टाळ्या पडल्या.

ती माझ्याकडे झुकून म्हणाली, "आता ही सोय काढून टाकायला सांगू दे कुणी!"