कोकिळाला निजायला दोन दिवस

मी सरजाबाई, ताडकळसची. आमची अन् रंगनाथ मास्तराची भिंत एकच. त्याची बायको कोकिळा दर महिन्याला कण्हायची ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. साधं दुखणं न्हाई बाई ते. पाळी आली की पोरगी दोन दिवस गुडघे पोटाशी घेऊन पडायची, ओकायची, घामानं चिंब व्हायची. डॉक्टरनं गोळ्या दिल्या अन् म्हणला, बाईच्या जातीला दुखायचंच. मेल्याला एकदा तरी दुखायला पाहिजे होतं.

मग गावातल्या बाया सुरू झाल्या. एक म्हणली शेपू खा, दुसरी म्हणली तीळगूळ खा, तिसरी म्हणली गूळ उष्ण, तो बंद कर. आंबट बंद, वांगं बंद, मिरची बंद. मीबी ओवा उकळून पाजला, खोटं कशाला बोलू? ताट रिकामं होत गेलं, दुखणं काही हटेना.

जरा उतार पडायचा तो एकाच गोष्टीनं. सासू सगुणाबाई जुन्या वळणाची. कावळा शिवला की सून पडवीत. चुलीला हात न्हाई, पाण्याला जाणं न्हाई. सासूच दुरून भाकर अन् शेपूची भाजी सरकवायची, तापलेली वीट फडक्यात गुंडाळून द्यायची. लेकराला जवळ घेता येत न्हाई म्हणून कोकिळा रडायची. पण म्हणायची, "मावशी, निजायला तरी मिळतंय."

त्या साली विद्यापीठाच्या नामांतराच्या सभा चालल्या होत्या. रंगनाथ जायचा, ऐकायचा. एक दिवस त्यानं घरात सांगून टाकलं, आजपासून शिवाशिव बंद, जातीचीबी अन् बाईच्या विटाळाचीबी. लय चांगलं केलंस बाबा, असं मी त्याला तोंडावर म्हणले. माझं डोकं फिरलं ते पुढच्या पाळीला. सगुणाबाई म्हणायला लागली, विटाळच न्हाई तर सुनेनं चूल का सोडावी? कोकिळा भाकरी थापायची, मधीच उठून मोरीत ओकायची, परत येऊन थापायची. शेपू सुटला न्हाई, पण आता निवडायचा तिनंच अन् शिजवायचा तिनंच.

नवऱ्याला सांग की, म्हणून मी तिच्या मागं लागले. तिला लाज वाटायची. आधी कावळा शिवला म्हणलं की भागायचं, आता दर महिन्याला आपलं दुखणं आपणच कसं मांडायचं?

तिसऱ्या महिन्याला मात्र ती बोलली. मी ताक मागायला गेले होते. रंगनाथ पेपर वाचत होता.

"अहो, मला पाळी आलीय. पोट लय दुखायलंय. मला बाहेर बसायचं न्हाई, घरातच पडते. पण दोन दिवस मला काम सांगू नका."

रंगनाथानं पेपर खाली ठेवला. त्याला खरंच वाईट वाटलं, तोंडावर दिसत होतं.

"अगं, मग आधी सांगायचं न्हाई का? निज की, त्यात विचारायचं काय?" तो म्हणला. "तेवढ्या भाकरी टाक अन् निज."

कोकिळानं माझ्याकडं बघितलं, अन् पिठाचा डबा काढला.