खालची ओळ

आमच्या शाळेतली पोरं झेंडावंदनाला जे गाणं म्हणतात, ते अर्धं आहे. हे मी हिंगोलीत ज्याला त्याला सांगून पाहिलं. लोक मान डोलावतात आणि चहा मागवतात. म्हातारा पुन्हा सुरू झाला, एवढंच त्यांच्या डोळ्यांत दिसतं. म्हणून आता लिहूनच ठेवतो.

निजामाच्या अमलात आमचा एक मेळा होता. मेळा म्हटलं की पंचवीस-तीस जणांचा गलका डोळ्यांसमोर येतो, पण आमचा तसा नव्हता. गाणारे सहा जण आणि पेटीवर मास्तर. गणपतीत, लग्नात, जत्रेत, अगदी उरुसातही लोक सुपारी देऊन बोलवायचे. गाणी मास्तर स्वतः रचायचे. लहानपणी त्यांनी छावणीतल्या चर्चच्या भिंतीला कान लावला होता. आत गोरे लोक कोणी वरून, कोणी खालून, निरनिराळं गातात आणि तरी त्यांचं भांडण होत नाही, याचं त्यांना जन्माचं वेड लागलं. आपल्या भलरीच्या, ओव्यांच्या चालींत तसं काही बसवायचं, हा त्यांचा ध्यास होता.

त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं ज्वारीच्या राखणीचं. वरची ओळ चौघांची. तिच्यात मचाणावरचा राखणदार पाखरांना हाकारे घालायचा. त्याच वेळी खालची ओळ दोघं म्हणायचे, आणि ते रानाचं बोलणं असायचं. शब्द वेगळे, चाल वेगळी, शेवटी मात्र दोन्ही ओळी एकाच सुरावर येऊन टेकायच्या. खालच्या दोघांत एक मी. दुसरा रंगारी. कापड रंगवायचा त्याचा पिढीजात धंदा, मुसलमान, माझ्याच वयाचा. त्याने खर्ज लावला की जवळ ठेवलेला पाण्याचा तांब्या झणझणायचा.

तालीम दोन ठिकाणी चालायची. एकत्र शिकवलं की खालचे वरच्यांच्या मागे ओढले जातात, हे मास्तरांनी लवकरच ओळखलं होतं. म्हणून वरचे चौघे मास्तरांच्या ओसरीत आणि आम्ही दोघं रंगाऱ्याच्या अंगणात, त्याच्या हंड्यांशी. तो काठीने कापड ढवळत गायचा आणि मला दटावायचा, "वरचं ऐकू नगं. पाय जमिनीत गाड आन् मंग सूर लाव." ओळ पाठ झाली की मग सगळे एकत्र उभे राहायचो. तिथे माझी फजिती व्हायची. वरचे चौघे जोरात सुटले की दोन ओळींतच मी त्यांच्या मागे जायचो. रंगारी न बघता माझं मनगट दाबायचा, आणि मी खाली यायचो. त्याचा हात कायम रंगलेला. घरी गेलो की बायको माझं निळं मनगट बघून हसायची, "आज किती येळा घसरले?"

शिरड शहापूरच्या जत्रेत हे गाणं पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा पुढे बसलेले एक पागोटेवाले आजोबा उठूनच उभे राहिले. "काहून रे बापू, दोन गाणी एकदमच म्हणून राहिले? घाई हाय का?" सगळी जत्रा हसली. पण दुसऱ्या वर्षी तेच आजोबा म्हणाले, "ते घाईचं म्हणा." पुढे पार निजामाच्या हद्दीपलीकडच्या वाशीमहून बोलावणी येऊ लागली. वाटेत कनेरगावच्या नाक्यावर निजामाचे शिपाई पेटी उघडायला लावायचे, हजार प्रश्न विचारायचे. रंगारी पुढे होऊन उर्दूत दोन गोड शब्द बोलला की आमची सुटका. मास्तर म्हणायचे, "ह्याच्याबिगर नाका न्हाई आन् ह्याच्याबिगर गाणं न्हाई." हे वाक्य त्यांनी बोलायलाच नको होतं.

मग ते वाईट वर्ष आलं. रझाकारांनी उच्छाद मांडला. मास्तर आणि मेळ्यातले बाकीचे बायकापोरं घेऊन नाक्यापलीकडे वाशीमला गेले. माझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून मी मागे राहिलो. पेटी बरोबर नेणं जमेना, ती मास्तरांनी रंगाऱ्याच्या घरी ठेवली. हा हिंदूंची भजनं गातो म्हणून रझाकार एकदा त्याच्याही दारात आले. त्याचे हंडे उलथवले, रंग गल्लीभर वाहत गेला. पेटी आत कापडाच्या गठ्ठ्यांखाली होती. ती त्याने त्यांच्या हाती लागू दिली नाही.

निजामाचं राज्य गेलं. मंडळी परतली. मैदानावर मोठी सभा ठरली आणि गाणं आमच्या मेळ्याचं ठरलं. मास्तरांनी शब्द बदलले. मचाणावरचा राखणदार आता स्वातंत्र्याचा पहारा करू लागला.

पेटी आणायला मास्तरांबरोबर मी गेलो. रंगाऱ्याची सगळी मुसलमान गल्ली दारं लावून बसली होती, आता भ्यायची पाळी त्यांची होती. माझा आवाज ओळखून रंगाऱ्याने कडी काढली. पेटी त्याने नव्या कापडात बांधून ठेवली होती.

"वाळवी लागू दिली न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "भाता बी बराबर हाय. तालीम कवा?"

मास्तर कापडाची गाठ चाचपत राहिले. "ह्या वख्ती तू राहू दे. सभेवाले ऐकत न्हाईत. लोकं लई तापलेत. तुझ्या भल्याचंच सांगून राहिलो."

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "मंग खालचं कोण म्हणंल?" एवढंच विचारलं.

"समदे वरचंच म्हणतील," मास्तर म्हणाले.

वाटेत मी मास्तरांशी कडकडून भांडलो. "रानच काढून टाकलं, तर तुमचा राखणदार राखतो काय, कपाळ?"

"लोकांना रान नको हाय," मास्तर शांतपणे म्हणाले. "राखणदार पायजे."

त्यांचं खरं होतं, याचाच मला आजवर राग आहे. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

सभेत मी हट्टाने खालची ओळ लावली, एकट्याने. मास्तरांनी पेटीवरून डोळे वटारले, मी बघितलंच नाही. पाय जमिनीत गाडले. दोन ओळी धरल्या. पण बाजूला चार गळे, शिवाय वर कर्णा आमचंच गाणं आमच्या कानांत ओतत होता. तिसऱ्या ओळीला मी त्यांच्यात जाऊन मिसळलो. मनगटाला हात लागला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठावरचे पुढारी उठून म्हणाले, "बघा, सगळे कसे एका सुरात गायले!"

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याकडे गेलो. तो अंगणात पालथ्या हंड्यावर बसला होता. कर्ण्यातून त्याला सगळं ऐकू आलं होतं.

"दोन ओळी तू धरला होता," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग गेला तू वर."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दिवाळीच्या आत तो बायकापोरांना घेऊन हैदराबादकडे गेला. पुन्हा त्याची खबर आली नाही. गाणं मात्र इथेच राहिलं. त्या सभेतून ते शाळेत गेलं, आणि पोरं ते सगळी मिळून, एका सुरात म्हणतात.

झेंडावंदनाला मला पहिल्या रांगेत खुर्ची देतात. मी उठून त्यांच्याबरोबर गातो. मागे एकदा गुरुजी कानाशी येऊन प्रेमाने म्हणाले, "आजोबा, तुमचा सूर खाली जाऊन राहिला. तुमी नुसत्या टाळ्या वाजवा." टाळ्या मी वाजवत नाही. एका हाताने दुसरं मनगट घट्ट दाबून धरतो आणि खालची ओळ लावतो. दोन ओळी धरतो. तिसरीला अजूनही वर जातो.