थेट जोडलेल्या वायरी

पडेगावच्या बाजूला आम्ही घर बांधलं तेव्हा तिथले रस्ते चुन्याच्या रेघांनी आखलेले होते, एवढंच. विजेचे खांब आले नव्हते. पाणी आठवड्यातून एकदा टँकरनं यायचं. त्यातच नवऱ्याची कंपनीतली नोकरी सुटली. मग गावरान पिल्लं काढून लासूर स्टेशनच्या बाजारात विकायचं मी ठरवलं. छतावर सोलर, खाली एक बॅटरी आणि तिच्यावर चालणारी अंडी उबवायची पेटी. पेटीत बारा व्होल्टचे चार बल्ब. मधे कंट्रोलर होता. बॅटरी फार उतरली की तो लाल दिवा लावून बल्ब बंद करायचा.

दुसऱ्याच खेपेला पंधराव्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसते ढग. अठराव्या दिवशी सकाळी लाल दिवा लागला आणि पेटी अंधारली. पिल्लं निघायला तीन दिवस उरले होते. टॉर्च धरली की कवचाआड हालचाल दिसत होती.

नवरा म्हणाला, थांब जरा, ऊन पडेल. मी थांबले नाही. बल्बच्या वायरी कंट्रोलरमधून उपसल्या आणि थेट बॅटरीला जोडल्या. बल्ब लागले. मला वाटलं, कंट्रोलर उगाच घाबरतोय.

दुपारपर्यंत उजेड पिवळा पडला, मग तांबडा झाला, मग गेलाच. मी प्यायचं पाणी तापवून बाटल्यांत भरलं, त्या अंड्यांभोवती रचल्या, वर गोधडी टाकली. नवरा वस्तीवर अंड्यांवर बसेल अशी खुडूक कोंबडी शोधत हिंडला, पण दुष्काळात लोकांनी कोंबड्याच विकल्या होत्या. संध्याकाळी पुन्हा टॉर्च धरली. एकेक अंडं पाहिलं. कशातच काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी अंडी पुरायला खड्डा खणताना कुदळ जमिनीवरून उसळत होती.

मग ऊन पडलं, पण बॅटरी भरेचना. भरल्यासारखी दाखवायची आणि बल्ब लावला की पाच मिनिटांत बसायची. शहरात एक म्हातारे चाचा बॅटऱ्या दुरुस्त करायचे, त्यांच्याकडे नेली. त्यांनी मीटर लावला आणि वायरी थेट जोडल्या होत्या का, ते विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "मीच जोडल्या."

"बेटा, तिला वाचवायलाच कंट्रोलरनं बल्ब तोडले होते. तुम्ही तिला पार पिळून काढलं. प्लेटा गेल्या हिच्या. आता ही उठत नाय."

"नसत्या जोडल्या, तर अंडी वाचली असती का?"

"नाय," ते म्हणाले. "बॅटरी वाचली असती."

चाचांनी त्यांच्याकडची एक जुनी, पण धड बॅटरी दिली. ती बसवायला स्वतः आले आणि बॅटरीच्या टोकावरच कट-ऑफ लावला, म्हणजे कुठलीही वायर थेट जोडली तरी बॅटरी फार उतरली की तो वीज तोडणारच. वर लोखंडी पेटी ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. मी बघत उभी होते.

पुढच्या खेपेला निम्मीच अंडी ठेवली. त्यांतली बरीच निघाली. तरीही ढग आले की मी अंड्यांपाशी बसून राहायचे आणि किल्ली कुठं ठेवलीय ते नवऱ्याला विचारायचे. तो सांगायचा नाही.