मागच्या बटा

आमच्या इमारतीत त्यांना सगळे कुरळ्या मावशी म्हणायचे. कपाळावर आणि कानांवर रुळणाऱ्या पांढऱ्या बटा, आणि मानेवर मात्र बारा महिने एक रुमाल, घट्ट बांधलेला. साठी उलटलेल्या बाईला हा कसला नखरा, असं मला वाटायचं. मी स्वतः पार्सलच्या कचेरीत बांधणीच्या टेबलावर काम करते. दिवसभर लोकांच्या वस्तू खोक्यांत भरायच्या, सुतळीने आवळायच्या, मग घरी येऊन दार लावून घ्यायचं. आपण बरं की आपलं काम बरं. मावशी बरोबर माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहायच्या, तरी तीन वर्षांत जिन्यावरच्या "आलीस का?" "आले" याच्यापुढे आमची गाडी गेली नव्हती.

मावशी शिवणाच्या कारखान्यात हाताने काजं करायच्या. कापडाला बटणापुरती चीर द्यायची आणि तिच्या कडा दोऱ्याने बांधून घ्यायच्या, हेच काम चाळीस वर्षं. तिथल्या मुलींनी त्यांना एकदा केस कुरळे करायची विजेची कांडी भेट दिली होती, ती त्यांनी आल्या पावली परत केली. "करपलेलं कापड कितीही धुतलं तरी पहिल्यासारखं होतं का? मग केसांनी माझं काय घोडं मारलंय?" हे सगळं मला कळलं ते एका शनिवारी, संध्याकाळी साडेसहाला त्यांनी माझं दार वाजवलं तेव्हा. हातात बिस्किटांचा जुना डबा होता आणि चेहरा असा, की बाई उसनं मागायला आलीय आणि मागायची सवय नाही.

"जरा वर येशील? दहा मिनिटांचं काम आहे," त्या म्हणाल्या.

मला खरं तर वैतागच आला होता. पण नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून गेले. खोली लख्ख होती. एक पलंग, एक टेबल, खिडकीशी दोन स्टुलं. त्यातल्या एकावर घडी घातलेली चादर होती, म्हणजे त्यावर बरेच दिवस कुणी बसलं नव्हतं. खिडकी सताड उघडी. मावशी दुसऱ्या स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या आणि त्यांनी रुमाल सोडला. मागचे केस सुतळीसारखे सरळसोट!

"मावशी, हे काय?"

"माझे खरे केस. पुढचे मी रोज चिंध्यांवर बांधून वळवते. मागे हात पोचतो, पण चिंधी नीट बसत नाही. एकटीचं काम नव्हे ते."

मग त्यांनी सांगितलं. ही खोली दोघी बहिणींची. आईवडील गेल्यावर त्या आणि त्यांची धाकटी इथे राहिल्या. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला धाकटी यांचे मागचे केस बांधायची, या धाकटीचे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी धाकटीने लग्न केलं आणि ती दूरच्या गावी गेली. "ती निघेना गं. तुझं मागचं कोण करील म्हणून अडून बसली. मी म्हटलं, जा, मी काय कुकुलं बाळ आहे?" त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी खाली राहायला आले होते. आता तीन वर्षांनी धाकटी पहिल्यांदाच येणार होती, उद्या, एका दुपारपुरती.

"मागे सरळ केस दिसले, की तिला सगळं कळेल. तिकडचं टाकून इथे येऊन बसेल ती. तिचं घर मोडेल माझ्यापायी," मावशी म्हणाल्या.

डब्यात जुन्या मऊ चादरीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या होत्या. मावशी समोर भिंतीकडे बघत एकेक सांगत गेल्या. केस ओले नकोत, नुसते दमट हवेत. बट टोकाकडून पट्टीवर गुंडाळत मानेपर्यंत आण. ओढू नकोस. गाठ सैल. सकाळी पूर्ण वाळल्यावरच सोडायच्या आणि फणी अजिबात लावायची नाही, बोटांना दोन थेंब तेल लावून बटा मोकळ्या करायच्या. मी हूं हूं करत बांधत गेले. कुणाच्या केसांना हात लावून मला किती वर्षं झाली असतील, देव जाणे. माझे हात अवघडले होते.

"आणखी एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "फोनवर मी तिला सांगत आलेय, की खालची रोज येते आणि माझं मागचं करून देते."

माझे हात थांबले. "खालची म्हणजे मी?"

"रागावू नकोस. रोज कुणाचं तरी नाव घ्यावं लागायचं."

राग आलाच होता, पण त्याच्या आधी भलताच प्रश्न तोंडातून गेला. "मग मी इथे येऊन काय करते?"

"चहा घेतेस, बिनसाखरेचा. तुझ्या साहेबाला शिव्या देतेस. आणि रोज भांडतेस, खिडकी बंद करा म्हणून. मला वारा लागतो, तुला सोसत नाही."

तीन वर्षं मी खाली भिंतीकडे तोंड करून जेवले होते आणि त्याच वेळी वर मी चहा पीत होते, भांडत होते. त्या दुसरीचा मला हेवा वाटला. खोटं कशाला सांगू? शेवटची बट बांधून मी खाली निघून आले.

सकाळी मावशी धावतपळत माझ्या दारात. "अगं, गाठी सुटेनात!" सुटणार कशा? वीस वर्षं मी पार्सलं बांधतेय. माझी गाठ गावोगाव फिरून येते तरी सुटत नाही. हातांनी सवयीप्रमाणे प्रत्येक बटेवर तीच आवळून मारली होती. शेवटी काजाच्या बारीक कात्रीने मी एकेक पट्टी कापली. चार केस तुटले, दोन बटांवर गाठीच्या खाचा पडल्या. पण बटा झाल्या होत्या. मावशींनी हात मागे नेऊन त्या चाचपल्या आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. रुमाल त्यांनी बांधला नाही.

धाकटी आली, जेवली, हसली. जाताना तिने मला बोलावून घेतलं, म्हणून मीही जिन्यात उभी होते. मावशी पुढे उतरत होत्या, मागे धाकटी, तिच्या मागे मी. धाकटीने बहिणीच्या मानेवरची एक बट उचलून पाहिली, हलकेच सोडली आणि मागे वळली.

"तुम्ही रोज करता ना?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"बटा उलट्या वळल्यात. आणि गाठीची खाच पडलीय." ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, झालं, झाकली मूठ उघडली. पण ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी सैल बांधा."

ती गेली. मावशी वर गेल्या, मी माझ्या खोलीत.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता डोक्यावर एक स्टूल सरकल्याचा आवाज आला. एकच. तो आवाज रोज येत असणार, मला आजवर कधी ऐकू आला नव्हता. पाच मिनिटं मी तशीच बसले, मग वर गेले. मावशींच्या पुढच्या बटा बांधून झाल्या होत्या आणि मानेवर रुमाल परत आला होता.

"काय गं? आता कशाला? ती गेली. मागचं कोण बघणार आहे?"

मी चादर उचलून पलंगावर ठेवली आणि रिकाम्या स्टुलावर बसले. मावशी दारातच उभ्या होत्या. मग जे मी रोज म्हणत होते तेच म्हटलं.

"ती खिडकी आधी बंद करा. वारा सोसत नाही मला."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग रुमाल सोडून त्या माझ्यासमोर पाठमोऱ्या बसल्या.

"नाही करणार," त्या म्हणाल्या. "रोज रोज तेच काय गं तुझं?"