कुणाला किरकोळ?

अण्णा चष्मा कपाळावर सारायचे, पेनाचं टोपण दातात धरायचे आणि तेवढ्या अडचणीतूनच विचारायचे, “किरकोळ? कुणाला किरकोळ?”

जुळे सोलापुरात, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. अण्णा आधी एका काट्यावरच क्लार्क होते, मग आमच्याकडे आले. नवी आवृत्ती बाहेर पाठवायची तर तिला नंबर ते देणार, तोही त्यांच्या लाल वहीत लिहून. पाच-दोन-तीन, असा. शेवटचा आकडा वाढला की किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला की नवी सोय. पहिला वाढला की लोकांची सवय मोडणार, म्हणून आधी फोन करून सांगायचं.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या टेबलाकडे जाण्याआधी आपण उगाच एक चहा घेऊन येतो. अण्णांची उलटतपासणी चुकवायला आम्ही सगळेच प्रत्येक बदलापुढे ‘किरकोळ’ लिहायचो. एकदा मी अख्खा स्क्रीन नव्यानं रंगवला आणि तेच लिहिलं. अण्णांनी सरळ काट्यावर बसणाऱ्या ताईंना फोन लावला. “ताई, तुमच्या खोलीत दुपारी ऊन येतं की. पिवळं अक्षर दिसंल का?” दिसणार नव्हतं. माझा पिवळा रंग गेला.

शेवटी वैतागून मी ते काम मशीनवर टाकलं. आम्ही बदलापुढे लिहिलेला शब्द वाचून मशीन स्वतःच नंबर देणार आणि नवी आवृत्ती परस्पर कारखान्यात पोचवणार. मालक खूश झाले. “हंगाम संपेपर्यंत नीट चाललं, तर अण्णांना मोकळं करू,” म्हणाले. हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मला फक्त त्यांच्या टेबलापुढचं उभं राहणं चुकवायचं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी ‘भरलेली गाडी’ आणि ‘रिकामी गाडी’ या बटणांच्या जागा बदलल्या. दिसायला बरं दिसत होतं. सवयीनं लिहिलं, ‘किरकोळ’. मशीननं शेवटचा आकडा वाढवला आणि आवृत्ती पाठवून मोकळं झालं. नशीब, तेव्हा एकच कारखाना सुरू झाला होता. सकाळी काट्यावरच्या ताईंची बोटं नेहमीच्या जागी पडली आणि भरलेल्या गाड्या रिकाम्या ठरल्या. एका ट्रॅक्टरनं ऊस आणला नसून कारखान्यातूनच बारा टन नेला, असं पावतीवर उमटलं. मागे गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत.

फोन अण्णांनी घेतला. “ताई, दोन बटणं उलटी झाली हायत. अर्धा तास उलटं दाबा, तवर आमी जुनं परत पाठवतो. चूक आमची हाय.”

मी मान खाली घालून उभा होतो. म्हटलं, “अण्णा, हे मशीन काढूनच टाकतो. मालकांना सांगतो, तुमच्याशिवाय जमत नाही.” खरं सांगतो, मला मनातून बरंच वाटत होतं. अण्णा राहणार होते.

“मशीनचं काय चुकलं?” ते म्हणाले. “तू खोटं लिवलंस, त्यानं खरं मानलं. मी मानत न्हवतो, एवढंच की.”

“पण तुमची नोकरी?”

“मी काय जन्मभर हितं बसणार हाय व्हय? काढू नको. त्याला इचारायला शिकव.”

मग मी शिकवलं. आता कुणी ‘किरकोळ’ लिहिलं की मशीन थांबतं आणि अण्णांच्याच शब्दांत विचारतं. काट्यावरच्या कुणाला विचारलं, त्याचं नाव टाकल्याशिवाय पुढे हलत नाही. अण्णांनी स्वतः बसून ते चार-चारदा तपासलं. हंगाम संपला आणि ते गेले, लाल वही माझ्या टेबलावर ठेवून. निरोपाचं भाषण माझ्याकडे होतं. मला ते करवेना, मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

परवा नव्यानं लागलेल्या मुलीनं स्क्रीनकडे बघत विचारलं, “सर, हे मशीन इतकं खवचट का आहे?”

तिनं थोडा वेळ कपाळाला आठ्या घातल्या, मग लिहिलेलं ‘किरकोळ’ खोडलं आणि माझ्याकडे काट्यावरच्या ताईंचा नंबर मागितला.